तेलाचं जहाज आणि भाकरीची पाटी

प्रिय दादा,

आज ग्रामसभेतून तणतणत घरी आले, चपला भिरकावल्या आणि तुला लिहायला बसले. तू देवाघरी जाऊन दुसरं वर्ष लागलं. आता तुझ्याशी भांडायचं तरी कसं?

एकाहत्तरच्या लढाईतल्या आपल्या नांदे गावच्या माणसांसाठी वेशीजवळ दगड बसवतायत. ओट्याचं काम श्रमदानानं चाललंय, न्याहारी रोज एकेका आळीकडून. परवा पाथरवट नावं कोरणार. पलटणीतल्या तिघांची कोरणार, तुझं नाही! मी उठून विचारलं, तर सरपंचतात्या म्हणतात, "आगं कमल, तुजा भाऊ तेलाच्या बोटीवर हुता. लढाईत कुटं हुता? कंदी बंदूक तरी धरली का?" सगळी सभा हसली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

यात तुझाही दोष आहे, सांगून ठेवते. पारावर कुणी लढाईचं विचारलं की तू म्हणायचास, "आमी काय, तेलाच्या डब्यावर बसून हिंडतुया." कशाला ती थट्टा? लोकांनी खरी धरली ना!

खरं काय ते फक्त मला सांगितलंस: भर समुद्रात युद्धनौकांना तेल पुरवायचं, आणि मागावर शत्रूची पाणबुडी. आठवतं? लढाईनंतरच्या भातकापणीला तू सुट्टीवर आला होतास. मी भाकरीची पाटी घेऊन शेतावर आले आणि विचारलं, पाणबुडी युद्धनौका सोडून तुझ्या जहाजामागं कशाला लागेल?

तू भाकरी मोडत म्हणालास, "ह्ये बघ, रानात धा गडी इळं घिऊन हायेत. त्यांच्या वाटंला कोन जाईल? पाटीवाली वाटंत एकटी गाठली, की धाही गडी उपाशी. युद्धनौका बुडवली की कप्तानाचं नाव व्हतं. पर शाना कप्तान आदी तेल बुडवतो. तेल न्हाई, तर युद्धनौका जागची हलत न्हाई."

"मग भ्या न्हाई वाटलं?" मी विचारलं.

"लई वाटलं. समदं दिवं मालवून जायचो, तरंगायचं जाकीट घालूनच झोपायचो. उलट मारायला आमच्याकडं काय व्हतं? तेल!"

आणि तात्या विचारतात, लढाईत कुठं होता! शत्रूला तुझी किंमत कळत होती रे, गावाला कळेना.

आईला वाचता येत नाही. दगड बसला की ती नावांवरून बोट फिरवत मला विचारणार, "ह्यातलं आपल्या पोराचं कंचं?" काय सांगू तिला? सांग ना!

उद्या न्याहारीची पाळी आपल्या आळीची आहे. पाटी मी नेणार, बायकांशी बोलणं झालंय. पण ओट्यापर्यंत नाही. वाटेतल्या चिंचेखाली थांबणार. ऊन चढू दे, गडी हाका मारू देत, तात्या स्वतः चालत येऊ देत. मग त्यांनाच विचारीन, पाटी आली नाही तर काम चालतं का? पाथरवटाला तुझं नाव सांगितल्याशिवाय पाटी डोक्यावरून उतरायची नाही. शब्द दिला, दादा.

तुझी पाटीवाली,
कमल