ब्रोकोलीला वास कोणाचा

सोम. ५ जाने.
मॅडमची वाटी आली आज. सायली मॅडम म्हणजे सीवूड्सच्या टॉवरमधली, आयचं नवीन गिर्‍हाईक. दुपारचा डबा. तिला रोज ब्रोकोली पाहिजे, दोन वाट्या. आयने विचारलं कुठली वाटी? कारण आमची वाटी म्हणजे कालवणाची, त्यात मांजर आंघोळ करेल. तर मॅडमने मापाला स्वतःचीच पाठवली. एवढीशी. मी बोललो, ही वाटी नाय, वाटीचं पिल्लू आहे. फटका खाल्ला.
मॅडम पक्की झाली तर तिच्या योगाच्या बाया पण डबा लावणार. मग आयला पहाटे मासळीच्या लिलावाला जायला नको. गुडघा पार गेलाय तिचा. बोलत नाय ती, जिना उतरताना कळतं.
माझं काम: ब्रोकोली आणणे. बारावी नापासला अजून काय देणार.

मंगळ. ६
आयला बाजारात नेलं, चूक केली. ती ब्रोकोली पापलेटसारखी घेते. दाबली, उलटी केली, दांड्याचा काप बघितला, नाकाला लावली. भाजीवाला बोलला, "मौसी, मच्छी नहीं है।"
आय: "मना ठाव हाय. ताजी हाय का शिली, ता बघतंय."
पिवळी बाद. तुरे सुटलेली बाद. मी हंड्याएवढी उचलली तर बोलली, "ठेव ती. निस्ती फुगलीय, हातान घेतली त वजन नाय." शेवटी बारकी, घट्ट, जड अशी घेतली. पिशवी भरेपर्यंत भाजीवाल्याचा चेहरा बघण्यासारखा.
दांड्यासकट जोखतो तो. आय बोलली, दांडा काप, मग जोख. तो हात जोडून उभा. दांडा आमच्याच गळ्यात.

बुध. ७
दांडा सोलून आयने सुकटीत टाकला. काय लागतो राव! दादाने (न्हावा शेव्याला कंटेनर मोजतो, घरी भात मोजत नाय) परत परत वाढून घेतलं. मग मी सांगितलं काय खाल्लंस. थांबला. ताटाकडे बघितलं. परत वाढून घेतलं.
डब्याचं सगळं वेगळं हां. मॅडम प्युअर व्हेज. तिचा चाकू वेगळा, टोप वेगळा, कपडा पण. मी नुसता हात लावला तरी आय बोंबलते.

शुक्र. ९
समोरच्या बिल्डिंगमधल्या जोशी काकूंच्या कुंडीत एक तुरा खोचून आलो. संध्याकाळी बघतो तर काकू पाणी घालतायत. वर फोटो काढला, बहिणीला पाठवला. "आपोआप उगवलं गं!" हसून हसून पोट दुखलं.

शनि. १०
तुरा पिवळा पडला, काकूंनी उपटला, खाली मूळ नाय. लगेच ओळखलं कोण ते. ह्या गल्लीत दुसरं कोण आहे? आयने कान धरून पाठवलं, सोबत एक अख्खा गड्डा, माफीचा. काकू बोलल्या, "द्वाडा, हा तरी खरा आहे ना?"

दुपारी आयच्या मोबाईलवर मॅडमचा मेसेज. 'काकू, भाजीला फार उग्र वास येतोय. खाता नाही आली. दोन दिवस डबा नको, मग बघू.'
मी वाचून दाखवला. आय बोलली, "वास कसला ता मना ठाव हाय. माज्या हातांचा. जल्म गेला मासलीन, जानार कुठं?"
मोरीत जाऊन लिंबू घासत बसली. मग माझी टूथपेस्ट. मला एक जोक सुचला होता. नाय मारला.

रवि. ११
आज घरात कोणाला भूक नाय. आय बोलली, "बाल्या, ती वाटी धुवून देऊन ये मॅडमला."
बरं बोललो. नेऊन कपाटावर लपवली.
परत आलो तर हाताचा वास घेत होती. मला बघून पदरात लपवले.

सोम. १२
आज लय मोठं झालं.
जोशी काकू खिडकीतून ओरडल्या, "अरे ए! कसली सडकी भाजी दिलीस? घरभर वास! हे विचारतायत, घरात मासे शिजवलेस काय!"
मी तसाच जिना चढलो. काकूंनी ब्रोकोली कशी केली? आय करते तशीच. मेथीसारखी. वर ताट, ताटात पाणी, मऊ होईपर्यंत. तुरे शेवाळासारखे झालेले आणि वास... तोच. ज्या घरात कोळंबीचा फोटो पण नाय, तिथे!
वाटीभर मागून घेतली. काकूंना वाटलं मी येडा झालो.
आयला बोललो डोळे मिट. वास घे.
"बघ," लगेच डोळ्यात पाणी, "सांगितला ना तुना, हात..."
"आय, ही जोशी काकूंनी केलीय."
डोळे उघडले. वाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "तू परत कायतरी गंमत करतंस."
"शप्पथ नाय."
स्वतः खिडकीत गेली, काकूंना विचारलं. काकू बोलल्या, "हो हो, मीच! टाकून दे ती!" मग आय अशी हसायला लागली, अशी, खालीच बसली. किती दिवसांनी.

मंगळ. १३
आज नुसते प्रयोग. ताट नाय झाकायचं. पाणी खळखळलं की तुरे टाकायचे, मोबाईलवर टायमर, जास्त शिजवायचंच नाय. आयला पटत नव्हतं, "कच्ची र्‍हाईल." चाखली. कुरकुरीत, हिरवीगार, वास नाय. आणि गरम गरम डब्यात कोंबायची नाय, झाकण लावलं की आतल्या आत शिजत बसते. पंख्याखाली ताटात पसरली. मॅडमच्याच वाटीने मापली (कपाटावरून काढली, शिव्या खाल्ल्या, पण हसत).
उद्या मी डबा देऊन येतो बोललो. बोलली, "तू नको. मी जातंय."

बुध. १४, संक्रांत
डबा, वर तिळगूळ. आयची हिरवी साडी, केसात अबोली. आज लिंबू नाय घासलं. मॅडमने बोलवलं पण नव्हतं.
मी टॉवरच्या गेटवर बसून लिहितोय. आय वर जाऊन बराच वेळ झाला. टेन्शन. वॉचमन माझ्याकडे बघतोय, मी काय चोरणार जसं काय.

आत्ता फोन आला तिचा. "बाल्या, बाजारातना एक गड्डा घेऊन वर ये. घट्ट बघ. दांडा ठेव."
"कशाला? डब्याचं काय बोलली ती?"
"मॅडमला दाखवतंय, कशी करायची ती."
अगं ए! तिलाच शिकवलं तर डबा कोण घेणार? बोललो मी तसं. मागून मॅडम हसताना ऐकू आली, आय पण. फोन कट.
गड्डा आणला. बारका, जड. लिफ्ट येतेय.