कोंबडीचं नाव राहिलंय

एउआ बेट
मंगळवार, २३ एप्रिल

तीर्थरूप मेलेनाइते आत्या,

तुमच्या भाचीचा, लुपेचा, मान लववून नमस्कार. देवाच्या कृपेने आम्ही सगळे या मंगळवारापर्यंत सुखरूप पोचलो, तुम्हीही पोचला असाल. तुमच्या गुडघ्याची सूज उतरली का? बाबा रोज विचारतात, म्हणजे मला विचारतात, जणू तुमचा गुडघा माझ्याकडे सांभाळायला ठेवलाय.

आधी एक चूक दुरुस्त करते, मग बाकीचं. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की माझ्या कोंबडीचा डावा पाय वाकडा आहे. तो उजवा आहे. लिहिताना ती माझ्याकडे तोंड करून उभी होती आणि मी माझ्या हाताने डावं-उजवं ठरवलं. शाळेत जायच्या आधी दोन वर्षं तुम्ही मला चटईवर बसवून अक्षरं शिकवलीत, तेव्हाही माझी निम्मी अक्षरं पाठमोरी असायची, त्यामुळे तुम्हाला नवल वाटणार नाही.

चूक माझी, पण तेल लागलं कोंबडीला. तुमचं उत्तर आलं की डाव्या पायाला दोन्ही वेळा खोबरेल तेल चोळा. बाबांनी ते जेवणाआधी उभं राहून मोठ्याने वाचलं. मी म्हटलं, बाबा, वाकडा पाय उजवा आहे, माझ्याच लिहिण्यात चुकलं. बाबा म्हणाले, “आत्याने डावा लिहिलाय ना? मग डावाच चोळायचा. ती माझी थोरली बहीण आहे. पायाचं काय ते पाय बघून घेईल.” मग बाटली संपेपर्यंत, अकरा दिवस, आम्ही चांगला पाय चोळला. (वाकडा मी परसात गुपचूप चोळत होते. हे बाबांना सांगितलेलं नाही.) मात्र एक कबूल करायला हवं. सगळा भार डाव्यावरच येतो, आणि आता तो पाय असा दणकट झालाय की कोंबडा तिच्या त्या बाजूने फिरकत नाही.

तुम्ही तिला पाहिलेलं नाही, म्हणून पहिल्यापासून सांगते. अंड्यातून निघाली तेव्हाच तिचा उजवा पाय खुब्यापासून बाहेर वळलेला होता, वाऱ्याने उघडलेल्या खिडकीच्या झडपेसारखा. बाकीची सात पिल्लं आईमागे गेली, ही जागच्या जागी गोल फिरत राहिली. बाबा म्हणाले, “राहू दे तिला, मांजर बघून घेईल.” मांजराच्या आधी मी बघितलं. पहिले आठ दिवस पाय फाकू नयेत म्हणून दोन्ही पायांत चिकटपट्टीची बेडी घातली, मध्ये एका बोटाचं अंतर सोडून. (पट्टी आधी स्वतःच्या बोटाला लावून सोलून पाहिली. दुखतं. तेव्हापासून खाली चिंधी घातली.) दिवसातून चार वेळा तिला बाबांच्या चहाच्या कपात उभी करायची, कारण घरात तेवढा एकच कप तिला छातीपर्यंत आधार देणारा होता. कप मी दर वेळी उकळत्या पाण्याने धुतला. बाबांना सांगितलंही, पण तिसऱ्या आठवड्यात. पुढे बादलीत कोमट पाणी घालून पोहायला शिकवलं, पाण्यात पायावर भार येत नाही म्हणून. अर्धं गाव बघायला यायचं. दर रविवारी मी डाव्या पायाचा तळवा बघते, एकट्या पायाला सगळं ओझं वाहून कुरूप होऊ नये म्हणून. अजून झालेलं नाही.

आता ती चालते, आत्या. दोन पावलं सरळ टाकते आणि तिसऱ्याला उजवीकडे झुकते, मग थांबून दिशा सुधारते. परसातून स्वयंपाकघरात यायला इतर कोंबड्यांच्या दुप्पट वेळ लागतो, पण इतर कोंबड्या वाटेत विसरतात कुठे निघालो होतो, ही विसरत नाही. मार्चपासून अंडी देते, आठवड्याला तीन. (एकदा चार, पण चौथ्याबद्दल मी शपथ घेणार नाही.) लंगडी, तिरकी, खेकडा, या आठ महिन्यांत सगळ्या गावाने तिला नावं ठेवली, पण नाव कुणी ठेवलं नाही. मीही नाही. ते काम कुणाचं, हे मला घरात शिकवलेलं आहे.

पाय पुन्हा बाहेर वळू नये म्हणून आईने केवड्याच्या पातींचा एक पट्टा विणून दिला. आईला साधं काही विणता येत नाही, तुम्हाला माहीत आहे. कमरेभोवती रुंद पट्टा, त्यातून उजव्या मांडीला धरून ठेवणारी फीत, आणि काठाला बारीक नक्षी, आपल्या कमरेच्या चटईला, ताओवाल्याला, असते तशीच. झालं. आम्ही आधार बांधला आणि गावाला दिसलं की बाबांची, म्हणजे सामिसोनीची, कोंबडी चर्चला आणि मयताला बांधायची चटई कमरेला बांधून हिंडते आहे. शेजारच्या कालोलाइने मावशी कुंपणावरून म्हणाल्या, “अगं लुपे, कोण गेलं तुमच्या कोंबडीचं?” मी पायाचं सांगितलं. त्या म्हणाल्या, “मग काळा झगाही शिव. दुखवटा अर्धवट नको.”

चौदा तारखेच्या रविवारी ती माझ्यामागे चर्चला आली. मी तिला बोलावलं नव्हतं. (हाकललंही नव्हतं.) ती दारातच डाव्या पायावर उभी राहिली. पाद्रीसाहेब प्रवचनात मध्येच थांबले आणि म्हणाले, “मागच्या बाकावरच्या तरुण मंडळींनो, जरा दाराकडे बघा. तुमच्यातले चौघे आज देवाच्या घरात मोकळ्या कमरेने आलेत. ती बांधून आली आहे. आणि तिला तर एकच पाय धड आहे.” सगळं चर्च वळून बघायला लागलं. आत्या, मला तेव्हा जे वाटलं ते गर्वाच्या पापात मोडतं का, हे अजून ठरत नाही. सध्या मोडतं असं धरून चालले आहे.

कारण त्याचं फळ त्याच दुपारी मिळालं. पाद्रीसाहेबांना जेवू घालायची पाळी आमची होती. त्यांचं जेवण झाल्यावर मी कोंबडी उचलून आणली, पट्ट्याची गाठ दाखवली, तळवा दाखवला, तिला चटईवर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवून दाखवलं. यातलं काहीही कुणी दाखवायला सांगितलं नव्हतं. पाद्रीसाहेब म्हणाले, “सामिसोनी, अशी कोंबडी मी साऱ्या एउआत पाहिली नाही.” आणि बाबा म्हणाले, “तुमचीच आहे, पाद्रीसाहेब.”

पाहुण्याने वाखाणलेली वस्तू घरात राहत नाही, हे पाहुण्याला ठाऊक असतं, म्हणून पाहुणा जपून बोलतो. पाद्रीसाहेब जपायचे विसरले. त्यांचा चेहरा उतरला, पण नको म्हणणं म्हणजे बाबांना त्यांच्याच घरात खाली बघायला लावणं. त्यांनी आभार मानले. बाबा म्हणाले, “मेच्या पहिल्या रविवारी मुलांचा सण, तुमच्याकडे बाहेरगावचे पाहुणे. शनिवारी संध्याकाळी पोचवतो, उपयोगी पडेल.” उपयोगी पडेल याचा अर्थ आईलाही कळला, कारण मी मागितलेलं नसताना तिने माझ्या पानात रताळं वाढलं.

तेव्हापासून पाद्रीसाहेब मला तीनदा भेटले. बुधवारी दुकानात त्यांनी विचारलं, “तुझ्या आत्याची तब्येत कशी आहे?” मी सांगितलं, गुडघा. शुक्रवारी विचारलं, “आत्या पत्रं लिहितात का अजून?” मी म्हटलं, लिहितात, आणि माझी पत्रं लाल शाईने तपासून परत पाठवतात. मला वाटलं, किती प्रेमाने चौकशी करतात. काल त्यांनी मला रस्त्यात थांबवलं आणि जरा त्रासिक आवाजात म्हणाले, “पोरी, तुमच्याकडे एक डुक्कर होतं म्हणे. आठ वर्षं जगलं ना?” मी म्हटलं, नऊ. “नऊ,” ते म्हणाले. “मला कोंबडी तशी पचतही नाही. आत्यांना माझा नमस्कार लिही. आजच लिही.”

घरी येऊन तांदूळ निवडताना मला उजेड पडला. ते डुक्कर तुम्हाला आठवत असेल. पिल्लू होतं तेव्हा तुम्ही त्याला उचलून सहज म्हणालात, हा अगदी आमच्या हेडमास्तरांसारखा दिसतो. तुम्ही बोटीत बसलात आणि बाबांनी गावजेवणासाठी राखलेलं ते पिल्लू बाजूला काढलं. थोरल्या बहिणीने नाव दिलं, म्हणजे जनावर तिचं. मग राजाने मागितलं तरी बाबांनी दिलं नसतं. हेडमास्तर म्हातारपणाने गेला, तेव्हा बाबांनी त्याला विलायती फणसाखाली पुरला, तोही स्वतःच्या कमरेला चटई बांधून.

हे मी केवळ आठवण म्हणून लिहिते. आत्याची इच्छा आत्याच्या मनातून यावी लागते. भाचीने सुचवलेली इच्छा खरी धरावी का, यावर मी कालपासून विचार केला आणि धरू नये असंच उत्तर आलं. म्हणून या पत्रात मी तुमच्याकडे काहीही मागत नाही.

गुडघा जपा.

तुमची आज्ञाधारक भाची,
लुपे

ता. क. सोबत आईने विणलेला पट्टा पाठवते आहे, तुमच्या गुडघ्यासाठी. नक्षी कोंबडीच्याच पट्ट्याची आहे, माप मोठं आहे. पट्टा कोणत्या गुडघ्याचा हे मागच्या वेळी विचारायचं राहिलं, म्हणून दोन्हीला बसेल असा केलाय.

आणखी ता. क. वर मी “काहीही मागत नाही” असं लिहिलं आहे. ते चूक आहे. तुम्ही लाल शाईने खूण करायच्या आधी मीच दुरुस्त करते. मागते आहे. तिचं नाव ठेवा, आत्या. कसलंही चालेल. फक्त हेडमास्तर नको, बाबांना पुन्हा सोसायचं नाही.

शेवटची ता. क. हे फोनवर मागायला हवं होतं, मला कळतं. पण फोन बाबांच्या खिशात असतो, आणि त्यांच्या पाठीमागे मागते आहे हे त्यांच्यासमोर बसून मागणं मला जमलं नसतं. तेवढं मी सुधारणार आहे. पुढच्या बुधवारपर्यंत तुमचं उत्तर आलं नाही, तर बाबांना सगळं सांगेन, परसातलं तेलही आणि हे पत्रही. ते रागावतील. पण थोरल्या बहिणीकडे नाव ठेवून घ्यायला निघालेल्या कोंबडीला अडवायचं धाडस त्यांना होणार नाही, आणि पाद्रीसाहेब त्या दिवशी माझ्यासाठी प्रार्थना करतील असा माझा अंदाज आहे. मी तिला टोपलीत घालून सकाळच्या बोटीने येईन. बोटीतून उतरताना तिला उचलावं लागेल. धक्क्यापासून तुमच्या घरापर्यंत मात्र मी तिला चालवतच आणणार आहे, लोकांनी बघितलं तर बघू दे. तुम्ही धक्क्यावर आलात, तर तुमचा गुडघा आणि तिचा पाय धरून आपल्याला बराच वेळ लागेल, तेव्हा दुपारचं दुसरं काही ठरवू नका. गुरुवार, दोन मे.