सासूबाईंचा पाणवठा

सासूबाईंस,

आपल्या रीतीप्रमाणे जावयाने सासूशी बोलायचे नसते, समोरही यायचे नसते, म्हणून हे पत्र धाडणार नाही. लग्नाला वर्ष झाले, पण सासूने जावयाकडे हक्काने मागायची शिकार तुम्ही माझ्याकडे कधी मागितली नाहीत. जावई म्हणून पत्करलेच नाही, असे वाटे.

आज ॲलिस स्प्रिंग्जच्या संग्रहालयात तुमचे पाणवठ्याचे ठिपक्यांचे चित्र भिंतीवर टांगणार होते. तुम्ही तर ते वाळूत अंथरून चहूबाजूंनी रंगवलेले! मी हट्टाने जमिनीवर मांडायला लावले. तुम्ही माझ्या नोरीनबरोबर येताच भिंतीआड लपलो.

"नोरीन, माझा पाणवठा असा नीट कुणी निजवला गं?"

"तुझ्या जावयानं, आई."

"त्या मुक्यानं?"

तुम्ही खदखदून हसलात आणि चित्राकाठी बसून गाऊ लागलात. मध्येच थांबून म्हणालात, "कांगारूची शेपटी आण म्हणावं त्याला. जाडजूड हवी!"

बंदूक पुसून ठेवली आहे.

तुमचा जावई,
डेसमंड