दोननंतर तीन

६ जानेवारी
पोचलो एकदाचे! बोईसर स्टेशनवरून रिक्षाने बेटेगाव, टेम्पोत माझं कपाट आडवं आणि ज्ञानेश त्यावर ऐटीत बसलेला. दोन खोल्या आहेत. पुढे ओटा, मागे झोपायची खोली, मधे जुनं सागवानी दार. कंपनीची बस नाक्यावरच थांबते, म्हणजे ज्ञानेश खूश. घरमालकीण वत्सलाताई मूळच्या सातपाटीच्या, रोज बोईसरला मासळी विकून येतात. आल्या आल्या तळलेले बोंबील आणून दिले. आमच्या बीडकडे कळलं तर सासूबाई ताटच वेगळं करतील. मी चार खाल्ले.

९ जानेवारी
इथे तरी खरं लिहिते. लग्नाला आठ महिने झाले आणि आमच्यात अजून काहीच झालेलं नाही. ज्ञानेश जवळ आला की माझं अंग आतून दाराला कडी घालावी तसं बंद होतं आणि जीव जाईल इतकं दुखतं. मी करत नाही, ते आपोआप होतं! बीडच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, सैल सोड. सोडता आलं असतं तर तुमच्याकडे कशाला आले असते बाई?
आज पालघरला दाखवलं. या डॉक्टरांनी आधी विचारलं, मग हात लावला. म्हणाल्या, यात तुझा दोष नाही, स्नायू आवळतात, सवयीने सुटतात. पाच नळ्यांचा संच मागवायला सांगितला, बोटापासून चढत्या जाडीचा. कडक प्लास्टिकचा नको, मऊ सिलिकॉनचा घे. वर लावायची जेल पाण्याची, तेलाची नको. आधी दहा श्वास मोजायचे, ढकलायचं नाही, दुखलं की थांबायचं. आणि नंबर वगळायचा नाही. 'दोननंतर तीनच,' असं दोनदा म्हणाल्या.
सासूबाईंनी महाशिवरात्रीपर्यंत मुदत दिली आहे. नाहीतर मला माहेरी पोचवून मोकळ्या होणार.

१७ जानेवारी
एक नंबर जमला. करंगळीएवढा तर आहे, तरी आठवडा गेला. मधलं दार मात्र वैताग आहे. काल दुखलं म्हणून सोडून दिलं, तर दार उघडेचना. आत मी, बाहेर दूध उतू चाललेलं. वत्सलाताईंनी बन्सी सुताराला बोलावलं. तो म्हणाला, बिजागऱ्या ठीक आहेत, लाकूड पावसाळ्यात फुगतं, असल्या कोरड्या उन्हात नाही. तासून देऊ का म्हणत होता. मी का कोण जाणे, नको म्हटलं.

२५ जानेवारी
दोन नंबर जमला! दुखलं नाही. दार बोटाने ढकललं तरी उघडलं.
मग तीन वाजता ज्ञानेश पहिल्या शिफ्टवरून आला, चेहरा उतरलेला. आईचा फोन आला होता म्हणे. अजून किती नंबर, असं विचारलं, मला मिठीत घेतलं, आणि माझं अंग आवळलं गेलं. तो चिडून बाहेर गेला. त्याच्यामागे दार आपोआप लागलं. संध्याकाळपर्यंत हललं नाही.

२९ जानेवारी
तीन नंबर गायब. धुऊन खिडकीत वाळत ठेवला होता. सगळं घर उलथंपालथं केलं. शेवटी वत्सलाताईंना विचारलं, तर त्या सहज म्हणाल्या, "ती व्हय? जाळ्याची बोय हाय वाटलं गो. भावाला दिली, बोटीवर गेली."
हसू की रडू? माझा तीन नंबर जाळं तरंगत ठेवायला समुद्रात गेला! बोट यायला आठ-दहा दिवस.
ज्ञानेश म्हणाला, मग चार घे, एकाने काय फरक पडतो. आणि मी मूर्ख, ऐकलं त्याचं.
रक्त आलं. चार तास आत अडकले होते. बाहेरून ज्ञानेशने दाराला लाथ घातली तेव्हा मी कळवळले. लाथ दाराला. दुखलं मला. त्याच जागी.

२ फेब्रुवारी
भास असेल म्हणून पाहिलं. दारावर मीच हळूच लाटणं मारलं.
भास नाही.
चौकट कोमट लागते. कुणाला सांगू? आधीच सगळे म्हणतात, हिच्या डोक्यातच आहे सगळं.

८ फेब्रुवारी
बोट आली. वत्सलाताईंनी तीन नंबर परत आणून दिला. भाऊ म्हणाला, ही कसली बोय, बुडते. मग काय आहे ते मी त्यांना सांगूनच टाकलं. हसल्या नाहीत. म्हणाल्या, आमच्यात पण अशा बाया हायत पोरी, फक्त नाव नव्हतं. नळी साबणाने धुतली, उकळली, पुन्हा धुतली.
दहा श्वास मोजले. तीन आत आला. दुखलं नाही. अजिबात नाही!
मी रडत होते आणि दार स्वतःहून उघडलं, हळूच, करकर न करता. अजून पंधरा दिवस द्या मला, बास.
ज्ञानेशने आनंदाने आईला फोन केला. कशाला केला?

११ फेब्रुवारी
सासूबाई आल्या. मुदत संपायच्या आधीच. नळ्यांचा डबा उघडून पाहिला. असली थेरं आमच्या घराण्यात नाहीत म्हणाल्या. आता जमतंय ना, मग आजच होऊ दे, मी बाहेर बसते.
मी आत पळाले. दार लागलं. मी लावलं नाही.

दुपार
ज्ञानेशने बन्सीकडून पहार आणली आहे. फटीत टोक घातलं—
आई गं—
ओरडून सांगितलं, ज्ञानेश, उचकटू नको, ढकलू नको, उघडतंय ते, मला कळतंय. फक्त दहा श्वास थांब.
तो थांबला. पहार तशीच आहे फटीत. लिहिलं की अंग जरा सैल होतं, म्हणून लिहिते—
कडी सैल होतेय. खरंच होतेय. सासूबाई म्हणतात, काय मोजत बसलास.
तो मोजतोय. मोठ्याने.
एक.
दोन.
चार—