आमच्या मरनाच्या येळी

सिस्टर,

राखेचा बुधवार, सकाळी दहा वाजून दहा मिनिटं, तिसरी ब. तुम्हाला आठवत नसणार, कारण तुमच्या दृष्टीनं त्या दिवशी काही घडलंच नाही. कपाळावर राख घेऊन आम्ही मुली चर्चमधून नुकत्याच वर्गात आलो होतो आणि तुम्ही एकेकीला उभं करून मारियेची प्रार्थना म्हणून घेत होता. मी न अडखळता म्हटली, थेट शेवटपर्यंत, "आनी आमच्या मरनाच्या येळी." वर्ग हसला. तुम्ही हसला नाहीत, हे तुमच्या बाजूनं मान्य करते. तुम्ही विचारलंत, "हे असं कोण शिकवतं?" मी म्हटलं, "आय." तुम्ही म्हणालात, "मग आयला सांग, असं अशुद्ध बोललेलं मदर मेरीपर्यंत पोचत नाही." तुम्ही स्वतः केरळच्या. "माझा खुर्ची कोणी नेली?" असं विचारायच्या, आणि खुर्चीसुद्धा निमूट परत यायची. पण तुमच्या चुका कॉन्व्हेंटच्या होत्या आणि आमच्या कोळीवाड्याच्या.

मी आज्ञाधारक विद्यार्थिनी. घरी गेले आणि तुमचा निरोप जसाच्या तसा दिला. आय मागल्या दारी पाटीतली मासळी निवडत बसली होती, दुसऱ्या दिवशी पापडी गावच्या बाजाराला न्यायची. ती आधी हसली. "न पोचायला काय झाला गो? तुला मागितली ती याच तोंडानं ना?" शेजारची काकी म्हणाली, "तुजी पोर आता पाद्रीन होनार बग." दोघी पोट धरून हसल्या आणि मला वाटलं, विषय संपला. संध्याकाळी नेहमीप्रमाणे आळीतल्या बाया रोजरीला आमच्या घरच्या आल्ताराशी, क्रुसासमोर, येऊन बसल्या. रोजरी सांगायची ती आयनंच, बाकीच्यांनी मागून म्हणायची, हे माझ्या जन्माच्या आधीपासून ठरलेलं. त्या संध्याकाळी तिनं जपमाळ माझ्या हातात दिली. "तू सांग. तुजा पोचल."

मी केवढी फुगले होते. बायका कौतुकानं बघत होत्या, मी प्रत्येक ण टाळूला जीभ लावून म्हणत होते आणि आय भिंतीला टेकून बसली होती. तिचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. जिची "बोंबील घ्या गो" ही आरोळी बाजाराच्या पार टोकाला ऐकू जायची, ती बाई त्या दिवसापासून देवासमोर कधी मोठ्यानं बोलली नाही. भांडली मोठ्यानं, रडली मोठ्यानं, माझे बाबा बोटीवरून परत आले नाहीत तेव्हा अख्खा किनारा तिनं डोक्यावर घेतला. पण प्रार्थनेला बसली की मुकी. तुम्ही तिला एकदाही भेटला नाहीत, सिस्टर. एका वाक्यात काम उरकलंत.

तुम्ही मला काही दिलंच नाही, असं म्हणणार नाही. तुमच्या इंग्रजीमुळे मला टेलिफोन खात्यात नोकरी लागली. आयुष्यभर मी लोकांना विचारत आले, "हॅलो, आवाज पोचतोय का?" साहेब म्हणायचे, तुमचे उच्चार फार स्वच्छ आहेत हो. आय इस्पितळात शेवटच्या खाटेवर होती तेव्हा त्याच स्वच्छ उच्चारांनी मी तिच्या कानाशी रोजरी सांगत होते. शेवटची ओळ आली तशी थांबले. म्हटलं, ही तरी ती म्हणेल. तिनं डोळे न उघडता मान हलवली. "तू सांग गो. माजा ऱ्हाऊ दे." मरणाचीच वेळ होती, आणि तो शब्द तिनं तोंडातून काढला नाही.

आता घराच्या जागी चार मजली इमारत आहे आणि तिच्यात माझी दोन खोल्यांची जागा. भाऊ परदेशात, नाताळला फोन करतो, त्याची नात मला इंग्रजीत आमेन म्हणून दाखवते. लग्न मी केलं नाही. इमारतीत सगळे बाहेरून आलेले, माणसं चांगली. सकाळी जिन्यात एकच गजर चालतो, "पानी आया क्या? टँकर का पानी है क्या?" ऐकताय ना, सिस्टर? आता अख्खी वसई पानी म्हणते, आणि कोणालाही बाकावर उभं करत नाहीत. फक्त आमच्या 'न'मध्ये तेवढी खोट होती. आमचा तो 'न' उच्चारणारं माणूस आता माझ्या जिन्यात नाही, आळीत नाही. आळीच नाही.

मागच्या महिन्यात नवे फादर घरी आले. पोरसवदा, उत्साही. म्हणाले, "आंटी, बोली जपली पाहिजे. रविवारी रोजरीचं एक दशक तुमच्या कोळीवाड्याच्या भाषेत तुम्ही सांगा. आता तुमच्याशिवाय आहे कोण?" मी आठवडाभर झोपले नाही. वाटलं, चला, इतक्या वर्षांनी आयचं तोंड उघडतंय. रविवारी माइकपुढे उभी राहिले, दहाच्या दहा वेळा म्हटलं, आणि दहाही वेळा "मरणाच्या वेळी" घंटेसारखं खणखणीत बाहेर पडलं. पहिल्या बाकावरची एक मुलगी आईला म्हणाली, "हे तर नॉर्मलच आहे." फादरांनी हात जोडले. "वा, आंटी! किती शुद्ध!" घरी येऊन स्वयंपाकघराचं दार लावलं आणि पुन्हा म्हणून पाहिलं. 'मरन' निघालं, पण नाटकात नट कोळणीची नक्कल करतो तसं. माझ्याच आईची नक्कल. तिथंच थांबले. त्या दिवसापासून माझी रोजरी बंद आहे.

आता माझा मुद्दा ऐका. प्रभूच्या दुःखसहनाची कथा तुम्हीच शिकवलीत. प्रभूला पकडून नेलं त्या रात्री अंगणात शेकोटीपाशी त्याच्या शिष्याला, पेत्राला, लोकांनी कशावरून ओळखलं? बोलण्यावरून. गालीलचा कोळी, तोंड उघडताच गाव कळायचं. त्याला प्रभूनं सांगितलं का, आधी उच्चार सुधार, मग स्वर्गाच्या चाव्या देतो? स्वतः प्रभू त्याच मुलखात वाढला. त्याच्या आईला कोळणीचं बोलणं समजत नसेल, हे तुम्हाला कोणी कळवलं होतं? परीक्षेत हे लिहिलं असतं तर तुम्ही पूर्ण गुण दिले असते. पण मी पेपर सोडवत नाही, विचारते आहे. आयची ती सगळी वर्षं, ते नुसतं ओठ हलवणं, ते कुठं गेलं?

एक कबूल करते. वरचा सगळा युक्तिवाद मला पटतो आणि त्याचा काडीचा उपयोग होत नाही. तुम्ही आज पुन्हा म्हणालात की पोचत नाही, तर मी तुमचंच खरं मानीन. पेत्रापेक्षा तुमच्यावर माझा विश्वास जास्त बसलेला आहे, आणि तो मला काढता येत नाही. म्हणून दुसऱ्या कोणाचं उत्तर चालणार नाही. फादरांचं नको, बिशपांचं नको.

दोन नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, मी आयच्या कबरीवर मेणबत्ती लावायला जाते. तिथं उभं राहून काय म्हणायचं ते मला आधी कळायला हवं. तेव्हा एक नोव्हेंबरच्या संध्याकाळच्या आत लेखी कळवावे: तिचं पोचत होतं की नव्हतं. एक ओळ पुरे. शुद्धलेखन मी तपासणार नाही.