नमुना पुन्हा पाठवावा

नांदेड,
९ जून २०२५

प्रिय लुंबे,
सप्रेम जय भीम.

इकडं आम्ही ठीक. हवा कोंदट झाली की मायचा गुडघा धरतो, तेल लावून घे म्हटलं तर मलाच बोलते. तुला सातवा लागला ना? पाय सुजतात म्हणालीस, मीठ कमी कर आणि दुपारी जरा डाव्या कुशीवर पड. प्रीतमला एसटीचा औशाचाच डेपो मिळाला हे बरं झालं. तुला या दिवसांत घरी माणूस पाहिजे. मामीला जय भीम सांग. आता ती तुझी सासू असली तरी माझ्या तोंडात मामीच येतं.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू मधेच "बोल ना ताई" म्हणतेस आणि मी विषय बदलते. शिवाय मामी शेजारीच बसलेली असते. हे पत्र तू एकटी वाच. मग प्रीतमला दे.

आधी कामाचं. बाळ झालं की तिसऱ्या दिवशी त्याच्या टाचेतलं रक्त तपासायला घ्यायचं. लातूरला जिथं नाव घातलंय तिथल्या डॉक्टरांना सोबतची चिठ्ठी दाखव, तीत सगळं लिहिलंय. "बाळ रडतंय, दूध पितंय, कशाला उगं टोचता" असं कुणीही म्हणालं तरी ऐकू नकोस. मी म्हणाले तरी ऐकू नकोस.

का, ते सांगायला मागं जावं लागतं.

२०१९ चा डिसेंबर आठवतो? पियू तीन वर्षांची होती. डॉक्टरांनी नुकतंच तिच्या कागदावर 'स्वमग्नता' लिहून दिलं होतं, आणि तू मोबाइल दाखवून पोरीचं डोकं फिरवलंस असं मामी येईल त्याला सांगत होती. आमच्या लॅबमध्ये तेव्हा अशा मुलांची तपासणी चालली होती. खाल्लेलं अन्न शरीरात नीट मोडतं की नाही, याच्या काही खुणा रक्तात आणि लघवीत सापडतात, त्या शोधायच्या होत्या. आमचे मोठे डॉक्टर म्हणायचे, "बहुतेकांत काहीच निघणार नाही. शेकड्यात एखादं निघेल. पण त्या एकाला उपाय आहे, म्हणून सगळ्यांचं बघायचं."

मीच तुला बोलावलं. पियूचं रक्तही मीच घेतलं. तिला धरायला तिघं लागलो. तू दंड पुढं केलास, तिनं कडकडून चावा घेतला आणि तरी तू तो काढून घेतला नाहीस. कागदी कार्डावर थेंब वेगवेगळे पडायला हवे होते, ते एकावर एक पडले. चार तास वाळवायचं कार्ड मी अर्ध्या तासात पाकिटात घातलं. तू बाहेर बाकावर बसून म्हणत होतीस, "ताई, बास. आता पुन्हा न्हाई टोचायचं लेकराला."

पंधरा दिवसांनी मी फोन करून सांगितलं, सगळं नॉर्मल आहे. तू रडलीस. त्याच फोनवर मी म्हणाले, डोक्याला ताकद येईल असं खाऊ घाल, रोज एक अंडं, दूध, घट्ट वरण.

लुंबे, तो रिपोर्ट नॉर्मल नव्हता. वाईटही नव्हता. रिपोर्टच नव्हता. कार्ड परत आलं होतं, त्यावर लिहिलेलं होतं, 'नमुना बाद. पुन्हा पाठवावा.'

तुझ्या दंडावरचे दात मला दिसत होते. तुला परत कसं बोलवू, असं वाटलं. हे मी साडेपाच वर्षं स्वतःला सांगत आले आणि ते खोटं नाही. पण माझी तेव्हा नवी नोकरी होती आणि माझ्या हातून कार्ड बिघडलं हे डॉक्टरांना सांगायचं नव्हतं, हेही खरं आहे. रजिस्टरमध्ये शेवटचा रकाना असतो, पुन्हा तपासणी का झाली नाही त्याचा. त्यात मी लिहिलं, 'पालक आले नाहीत.' माझ्याच अक्षरात आहे. तुझ्या नावापुढं.

याहून वाईट सांगायचं राहिलंय.

त्याच पाकिटात आणखी एका मुलीचं कार्ड बाद झालं होतं. किनवटकडच्या जंगलातल्या गावची. तिच्या बापाला, दगडोबाला, मी स्वतः फोन करून पुन्हा बोलावलं. परक्याला बोलावताना मला काही वाटलं नाही. तो पोरीला खांद्यावर घेऊन रेल्वेनं आला, आणि तिचं निघालं. डाळ, दूध, अंडं, शेंगदाणा यांतला एक घटक तिच्या शरीरात मोडत नव्हता. तो रक्तात साचायचा आणि मेंदू जाळायचा. डॉक्टरांनी तिचं खाणं बदललं, डब्यातली वेगळी पावडर चालू केली. दोन वर्षांनी दगडोबा तिला दाखवायला आला तेव्हा ती माझ्या टेबलाशी उभी राहून "पानी" म्हणाली. फिट बंद झाल्या होत्या.

त्या दुपारी मी तुला फोन लावला. तू म्हणालीस, "बोल ना ताई." मी मायच्या गोळ्यांचं विचारलं.

तेव्हा पियू पाच वर्षांची होती.

यंदा १४ एप्रिलला तुम्ही आलात. पियूला जवळ घेतलं तर तिच्या केसांना तोच वास, ज्याच्यासाठी मामी तुला बोलते की पोरीला नीट आंघोळ घालत नाहीस. भिजलेल्या गोणपाटासारखा. आपल्या सगळ्या खानदानात कुणाचे नाहीत असे तिचे भुरे केस आणि गोरा रंग. बारशाला सगळ्या बाया म्हणत होत्या, लुंबिनीनं नशीब काढलं. तो रंगसुद्धा त्या आजाराचाच असतो. मला ते ठाऊक होतं. हिमोग्लोबिन बघते असं खोटं सांगून मी तिच्या बोटातलं रक्त घेतलं. या वेळी कार्ड नीट वाळवलं.

रिपोर्ट मे संपताना आला, सोबत जोडलाय. तो घटक रक्तात दोनच्या आत पाहिजे, तिचा बावीस आहे.

हा आजार आई-बाप दोघांकडून थोडा थोडा येतो, दोघांना स्वतःला काही होत नाही. तू आणि प्रीतम आतेबहीण-मामेभाऊ, मामाचाच मुलगा केलास तू. पोटातल्या बाळालाही चारात एक वेळ हे असू शकतं. तू मोबाइल दाखवलास म्हणून काही झालेलं नाही. हे मामीला वाचून दाखव.

नुसतं "बाळाची तपासणी कर" एवढंच लिहावं, असं मनात आलं होतं. तसं एक पत्र लिहून फाडलं. गेल्या सोमवारी डॉक्टरांपुढं रजिस्टर ठेवून सगळं सांगितलं. त्यांनी तो रकाना वाचला. मग म्हणाले, "तुमचं नंतर बघू. आधी बहिणीला कळवा."

पियूला आजपासून अंडं, दूध, डाळ देऊ नकोस. हैदराबादच्या डॉक्टरांचा पत्ता चिठ्ठीच्या मागं आहे, लगेच जा. बाळंतपणाची वाट बघू नकोस.

माफ कर असं लिहायला हात उचलत नाही.

पंचशीला


औसा,
३० नोव्हेंबर २०२५

ताई,

तुझं पत्र आलं तवा मी पियूला अंडं सोलून भरवून राहिले होते. अर्धं तिच्या तोंडात होतं. एका हातात तुझा कागद, दुसऱ्या हाताचं बोट घालून मी ते अंडं काढलं. ती चावली. रक्त आलं.

रोज एक अंडं, ताई. पैसे नसले तर मी खाल्लं न्हाई, प्रीतमला दिलं न्हाई, तिला दिलं. तू सांगितलं म्हणून. तोंड मिटून बसायची तर मी नाक दाबून भरवायची. तिला कळत होतं काय? तिच्या अंगाला कळत होतं काय?

प्रीतम तीन दिवस डबा न नेता ड्युटीला गेला. मामीला मी पूर्ण पत्र वाचून दाखवलं, मोबाइलचं दोनदा वाचलं. दुसऱ्या दिवशी पियूची वेणी तिनं घातली. आजवर कधी घातली नव्हती.

हैदराबादला गेलो. पावडर चालू हाय. लई घाण लागते, थुंकते, पण आता निम्मी जाते पोटात. आधी अधनंमधनं यायची ती फिट दिवाळीपासून आली न्हाई. हात चावणं कमी झालं. बोलेल का विचारलं, तर तिथल्या डॉक्टरबाईंनी पावडरीचं माप कागदावर लिहून दिलं. मी विचारलं, तीन वर्षाची असताना कळलं असतं तर? त्या म्हणल्या, पुरी बरी नसती झाली. पण तुम्हाला आई म्हणली असती.

मुलगी झाली. १९ ऑगस्टला, लातूरला. तिसऱ्या दिवशी सिस्टर म्हणली, लेकरू चांगलं हाय, कशाला टोचता. मी म्हणले, टोचा. तिला बी तेच निघालं. दहाव्या दिवसापासून वेगळं दूध चालू हाय, माझं मोजून थोडंच. डॉक्टर म्हणतात हे पाळलं तर ती शाळेत जाईल, नोकरी करेल, कुणाला कळणार बी न्हाई.

सव्वातीन महिन्यांची झाली. दूध पिताना मधीच थांबून माझ्या तोंडाकडं बघते. हसते. मला वाटायचं, पियूनं कधी बघितलंच न्हाई. आता आठवतं, बघायची. ह्याच वयाची असताना अशीच बघायची. मग हळूहळू तिची नजर माझ्यावरून सरकून भिंतीवर गेली, आणि मी तिला आणखी दूध पाजत राहिले. आता मी धाकटीशी बोलत असते तवा मोठी त्याच खोलीत भिंतीला हात लावून गोल फिरत असते. मी कुणाकडं बघू, सांग.

तू लिहिलं नसतंस तर धाकटी बी गेली असती. हे मी प्रीतमला म्हणले. तो म्हणला, हाव, खरं हाय. पण ती आपल्या दारात यायची न्हाई.

मी त्याला न्हाई म्हणले न्हाई.

मायला नात बघायची हाय असं कळलं. तिला एसटीत बसवून दे, औशाच्या स्टँडवर मी न्यायला येईन. तू संगं येऊ नको. बारसं झालं, नाव ठेवलं. ते मायला सांगीन.

पियूची आई