तू म्हणालाच नव्हतास

ता. ११ जुलै, शनिवार

धाकट्या,

आशीर्वाद. घ्यावासा वाटला तर घे. इकडे सगळं ठीक. तुझ्या वहिनीचे गुडघे कुरकुरतात आणि ती माझ्यावर कुरकुरते, म्हणजे घर नेहमीसारखं चाललंय. मी दातांची कवळी बसवून घेतली. आता मी काही सांगितलं की समोरचा हटकून म्हणतो, पुन्हा सांगा.

पुन्हा सांगणं मला नवं नाही म्हणा.

परवा तुझी लेक येऊन गेली. बरंच बोलली. हाताचं कुणी विचारलं की तू हसतोस म्हणे, आणि सांगतोस, "मीच 'सुरू कर' म्हणालो नि मीच हात काढला नाही, दादाचा काय दोष?" घरात कुणी साधं चहाचं विचारलं तरी हो म्हणायला कचरतोस, कारण तुझा तुझ्या जिभेवर भरवसा उरलेला नाही. हे सांगताना ती रडली. 

कागदाच्या गिरणीतली आपली रीत तुला सांगायला नको. खटक्यावरच्याने ओरडायचं, "सुरू करतोय." यंत्राच्या रुळांखाली साफ करणाऱ्याने उलट ओरडायचं, "सुरू कर." ते कानावर पडल्याशिवाय खटक्याला बोट लावायचं नाही.

त्या दिवशी पाळी सुटत आली होती. वजनकाट्यावरचा माझ्याशी थट्टा करत होता. मी ओरडलो आणि उत्तराला न थांबता खटका दाबला. खालून आलं ते उत्तर नव्हतं. तुझी किंकाळी होती.

चौकशीला साहेबांनी विचारलं, त्याने उलट ओरडून सांगितलं होतं? मी हो म्हणालो. साहेब म्हणाले, पुन्हा सांगा. दुसऱ्यांदा सांगताना मी तुझे शब्द घातले. तिसऱ्यांदा तुझा आवाजही काढून दाखवला. फोरमन बाहेर म्हणाला, माणूस खरा आहे, शब्दसुद्धा बदलत नाही. तुझा उजवा हात गेला, वर निष्काळजी म्हणून नोकरीही गेली. मला बढती मिळाली.

मग नातेवाइकांना सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं, तू दवाखान्यात शुद्धीवर आलास तेव्हा तुलाही सांगितलं.  सव्वीस वर्षं मी तेच सांगत आलो आणि तुझ्याकडे यायचं टाळत आलो. मला वाटायचं, तू मनातून मला शिव्या घालत असशील. त्याचा आधार होता रे. तूही माझंच खोटं सांगत बसला असशील, हे ध्यानीमनी नव्हतं.

तू "सुरू कर" म्हणालाच नव्हतास. तू गप्प होतास, कारण तुझं काम संपलं नव्हतं.

मंगळवारी सकाळच्या गाडीने येतो. हेच तुझ्या बायकोसमोर, लेकीसमोर सांगेन. दार उघडलं नाहीस तर पायरीवरून सांगेन, शेजारपाजारच्यांना ऐकू जाईल असं. माफीचं बोलायला येत नाही; ते तोंड मला नाही.

वयाने तेवढा मोठा राहिलेला,
तुझा भाऊ